हेलपाटे

पणजीचं माहेर नेवाशाच्या बाजूचं. छप्पन्न्याचा दुष्काळ पडला तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असावी. आमच्या घरात जुन्या माणसांची वयं दुष्काळावरून, पटकीवरून आणि प्लेगावरून काढतात. जन्मतारीख लिहून ठेवायला अक्षरओळख कुणाला होती! संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. तीनच वर्षांपूर्वी एक दुष्काळ होऊन गेलेला, त्यात प्लेग, आणि आता मृगही कोरडा गेला, हस्तही. पणजी आईबरोबर सरकारी कामावर खडी फोडायला जायची. मोठ्यांना मोठी हातोडी, पोरांना लहान. दिवस मावळला की खडी मोजून द्यायची आणि मोजून मजुरी घ्यायची. "डोळ्यात कपची उडाली तर रडून काढायची असती," असं ती पुढं माझ्या आजीला सांगे, "पण त्या साली डोळ्याला पाणीच येत न्हवतं."

एक दिवस आईनं तिला आणि तिच्या धाकट्या भावाला मिशनच्या आवारात आणून बसवलं. "येते," म्हणाली आणि कामावर परत गेली. ती पुन्हा आली नाही. कुठं गेली, कशानं गेली, कुणाला कळलं नाही.

अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ सालापासून होतं. १८४२ साली त्यांचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं, नंतर खेडोपाडी शाळा आल्या, आणि महारवाड्या-मांगवाड्यांतून थोडी थोडी घरं ख्रिस्ती होऊ लागली. दुष्काळात मिशननं पोरकी पोरं जवळ केली, त्यांना जेवू घातलं, हाताला काम दिलं. त्यावरून 'पोटासाठी बाटले' हे वाक्य आमच्या चार पिढ्यांनी ऐकलं. मी त्यावर कधी भांडत बसत नाही. पोट होतंच. उपाशी पोराला भाकरी देणाऱ्याचा देव त्या पोराला आपला वाटला, तर त्यात लाज कसली? पण भाकरी मिळाली दीड-दोन वर्षं. पुढं पाऊस आला, मोठी पोरं आपापल्या कामाला लागली, पणजीचं लग्न झालं, ती महारवाड्यात नांदायला गेली आणि तिथं कुणी तिला काही फुकट दिलं नाही. उलट सासरच्या भावकीनं पाण्याला, आगीला आणि मातीला येणं बंद केलं. तरी त्यानंतर पन्नास वर्षं ती रोज पहाटे प्रार्थना करत राहिली. त्या पन्नास वर्षांचा हिशेब 'पोटासाठी' म्हणणाऱ्यांनी कधी मांडला नाही.

प्रार्थना करायला तिला मिशनमधल्या एका बाईनं शिकवलं. ही बाई बायबल घेऊन वस्तीवस्तीवर फिरायची. तिनं प्रभूची प्रार्थना तोंडपाठ करून घेतली आणि मग म्हणाली, "आता तुझ्या मनचं सांग." पणजी घाबरली. तिनं देऊळ पाहिलं होतं ते लांबून, पायरीच्याही पलीकडून. देवाला काही सांगायचं तर नवस बोलायचा, तोही पोतराजाच्या किंवा भगताच्या तोंडून. आपणच बोलायचं आणि त्यानं ऐकायचं, ही गोष्ट तिच्या बुद्धीला पेलेना. बराच वेळ ती गप्प राहिली. शेवटी म्हणाली, "माझी आई कुठं हाय ते बघ." तिची पहिली प्रार्थना ती. म्हातारी होऊन मरेपर्यंत तिनं ती सोडली नव्हती, असं आजी सांगायची. आईचं वय शंभराच्या पुढं गेलं असतं तेव्हाही पहाटेच्या प्रार्थनेत हे वाक्य असायचंच.

आजीच्या काळात आमच्या घरची भक्ती मी स्वतः पाहिली. दिवेलागण झाली, चुलीवरची भाकरी उतरली, की ओट्यावर पोतं अंथरायचं. कंदिलाची काच आजी पदरानं पुसायची. घरात शिकलेला जो कोणी असेल त्यानं अध्याय वाचायचा, मग एखादं पद. पद बहुधा रेव्हरंड टिळकांचं किंवा कृष्णराव सांगळ्यांचं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नंतर राहुरीला, नगरला राहिले. आपल्या भागात राहून गेलेला कवी म्हणून आजीला त्यांचं फार अप्रूप. विलायती चालींवर बसवलेली गाणी ती मंडळीत म्हणे, पण घरात म्हणायची ती अभंगाच्या, ओवीच्या चालीतली; कारण त्या चाली जात्यावर आधीच तिच्या गळ्यात होत्या. टिळकांनी आणि सांगळ्यांनी आमच्या लोकांवर केलेले उपकार मला मोठे झाल्यावर समजले. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं, तिच्या तोंडात त्यांनी तिच्याच चालीतली प्रार्थना दिली.

पद झालं की एकेकानं प्रार्थना करायची, धाकट्यापासून सुरुवात. आम्ही पोरं "आईला, बाबाला, शेळीला आशीर्वाद दे, आमेन" करून मोकळे व्हायचो. आजीची पाळी शेवटची आणि ती लांबायची. तिच्या प्रार्थनेत सगळं गाव यायचं. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, कुणाचा लेक मुंबईला गिरणीत लागला आणि पत्र नाही, पाळकसाहेबांचा दमा, मोडलेलं मोटेचं चाक. ज्यांच्या विहिरीवर आम्हाला बादली टाकू देत नसत, ओंजळीत वरून पाणी ओतत, त्या घरातल्या म्हातारीचा डोळाही यायचा: "तिला दिसंना झालंय, प्रभू, तिचा मोत्या काढ." तिच्या दोन्ही गुडघ्यांना घट्टे होते, टाचेच्या कातडीइतके जाड. अंघोळीच्या वेळी ती ते दगडानं घासायची.

आणि त्या यादीत रोज, न चुकता, तालुक्याच्या कचेरीतले एक भाऊसाहेब असायचे.

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. पोरं लहान असतानाच ते गेले. आजीकडं राहिली ती वाडवडिलांच्या महारकी वतनातली हिश्शाची जमीन, तीही मुरमाड. वतनं खालसा करण्याचा कायदा १९५८ साली झाला, आणि नजराणा भरला की ती जमीन वतनदारालाच रयतावा म्हणून परत मिळायची होती. आजी कागद घेऊन गेली. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही धर्म सोडला, मग वतन कसलं?" वास्तविक धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही, असा कायदा इंग्रजांनी १८५० सालीच केला होता. पण तो आजीला कोण सांगणार, आणि सांगून भाऊसाहेबांना कोण ऐकवणार? तालुका आठ कोस. पहाटे निघायचं, फडक्यात भाकरी-चटणी बांधायची, दुपारपर्यंत कचेरीच्या वऱ्हांड्यात बसायचं, "साहेब दौऱ्यावर आहेत" हे ऐकायचं आणि दिवेलागणीला परत. असे हेलपाटे तिनं किती वर्षं घातले! मधे एक भाऊसाहेब बदलून गेले, दुसरे आले. प्रार्थनेतलं नाव बदललं, मागणं तेच राहिलं.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक विधवा आहे. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही. ती त्याच्याकडं सारखी जाते, माझा न्याय कर म्हणते. शेवटी तो कंटाळून तिचा न्याय करतो. नेहमी प्रार्थना करावी आणि खचू नये, यासाठी येशूनं ही गोष्ट सांगितली. या उताऱ्यावर मी पुष्कळ उपदेश ऐकले. देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हे समजावून सांगण्यात बहुतेक उपदेशकांचा वेळ जातो, आणि ते बरोबरही आहे. आजीला मात्र ते समजावण्याची गरज पडली नाही. तिचं लक्ष त्या बाईकडं असायचं. "ती कुठल्या गावची?" असं तिनं एकदा पाळकसाहेबांना विचारलं. गाव दिलेलं नाही म्हटल्यावर म्हणाली, "दिवसाला जाऊन येत आसंल, म्हंजी लांबची न्हाई."

गरिबाचं काम पहिल्या खेपेला होत नसतं, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. सावकाराकडं, तलाठ्याकडं, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, कुठंच होत नव्हतं. म्हणून देवाकडं एकदा मागून नाही मिळालं तर ती बिचकत नसे. उद्या परत. मला वाटतं, शिकल्यासवरल्या माणसाला चिकाटीची प्रार्थना जड जाते याचं कारण इथंच आहे. एकदा सांगितलं की काम व्हावं, अशी आपली सवय झालेली असते. आजीच्या मनात देवाच्या दारातली खेप आणि कचेरीतली खेप यांत भिंत नव्हती. प्रार्थना झाली की ती चप्पल घालायची आणि तालुक्याला निघायची. प्रार्थना केली म्हणून घरी बसली, असं कधी झालं नाही.

जमीन अखेर मिळाली, सगळी नाही, तुकडा. तोवर माझे वडील शाळामास्तर झाले होते. त्या वर्षी हंगामाच्या सणाला आजीनं त्या तुकड्यातल्या बाजरीची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, नेली. अर्पणांच्या लिलावात ती पाटी एका परक्या माणसानं घेतली तेव्हा ती जरा खट्टू झाली, एवढं वडिलांना आठवतं.

मागत राहण्याची आणखी एक गोष्ट आमच्या नात्यात आहे. थोरल्या आत्याची सासू केडगावच्या मुक्ती मिशनमधली. तिला आपलं गाव गुजरातेत कुठंतरी होतं, इतकंच माहीत. १९०० साली पंडिता रमाबाईंनी गुजरातच्या दुष्काळातून शेकडो मुली केडगावला आणल्या, त्यांतली ती एक. रमाबाईंचे आईवडील स्वतः दुष्काळात उपासमारीनं गेले होते. तीर्थामागून तीर्थ पायी हिंडणारं ते पंडिताचं घर. शास्त्री होते, पुराण सांगत, आणि अन्नावाचून मेले. त्यामुळं उपाशी पोर पाहिलं की बाईंना राहवत नसे. या सासूबाई 'बाई' म्हणत त्या फक्त रमाबाईंना. बाकी सगळ्यांना नावानं.

त्यांच्या तोंडून मी १९०५ सालची हकिगत ऐकली. वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी विचारलं, रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तरेक जणी उठल्या. दर दिवशी जमायच्या, साऱ्या देशासाठी, एकेका नावासाठी मागायच्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि दिवसातून दोनदा बैठक होऊ लागली. जूनच्या अखेरीस एका रात्री मुलींच्या खोलीत रडण्या-ओरडण्यानं गलका झाला आणि त्यानंतर कित्येक दिवस मुक्तीत रोजच्या वेळापत्रकाचा पत्ता नव्हता. बाहेरच्या लोकांनी या घटनेवर पुष्कळ लिहिलं, परदेशातही लिहिलं. सासूबाईंना, तेव्हा दहाएक वर्षांच्या असतील, त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं होतं. "सगळ्या एकदम मोठ्यानं प्रार्थना करायच्या. प्रत्येकीचं वेगळं. मी आधी कधी मोठ्यानं बोललेच नव्हते रे. इतक्या आवाजात आपला आवाज कुणाला कळत नाही म्हणून मी पण मोठ्यानं बोलले." काय मागितलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मला त्या साडेपाचशे जणींच्या हकिगतीत गलक्याच्या रात्रीपेक्षा आधीचे पाच महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. त्या पाच महिन्यांत काहीच घडलं नव्हतं. दळण होतं, शेत होतं, विणकाम होतं, छापखान्यात खिळे जुळवणं होतं, आणि दोन वेळा बसणं होतं. त्यांतल्या कितीतरी मुली आईबाप गमावलेल्या, काही बालविधवा. मागण्याची सवय कुणाला नव्हती. मिळेल ते घ्यायचं, इतकंच माहीत. त्यांना रोज बसवून 'मागा' म्हणणाऱ्या रमाबाई मला फार मोठ्या वाटतात.

पुढं बाईंना ऐकू येईनासं झालं. १९२१ साली त्यांची मुलगी मनोरमा गेली. तरी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल करण्याचं काम त्यांनी चालूच ठेवलं. मुळातून करायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. शेवटची मुद्रितं तपासायची राहिली तेव्हा त्यांनी देवाकडं आणखी दहा दिवस मागून घेतले, ते मिळाले, आणि काम संपवून त्या गेल्या, असं केडगावकडची माणसं सांगतात. ५ एप्रिल १९२२. दोन वर्षांनी ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

अशा गोष्टी ऐकत मी वाढलो, आणि म्हणूनच १९७२ माझ्या मनात अजून टोचतं. मी दहा वर्षांचा होतो. पुन्हा तोच कोरडा मृग. बायाबापड्या पाझर तलावाच्या कामावर; आई खडी फोडायला जायची, जशी पणजी गेली होती. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडायची. शाळेत सुकडी. विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी गाळून प्यायचं. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आजी दोन रात्री गुडघ्यांवर होती. मंडळीतल्या बायका आल्या, उपास-प्रार्थना झाली. बाबा बैलगाडीतून त्याला दवाखान्यात घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी तो गेला. दीड वर्षाचा होता.

मातीला आलेल्यांपैकी एक जण आजीला म्हणाला, "विश्वास कमी पडला."

इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हल्ली तर ते मोठमोठ्या मंडपांतून, ध्वनिक्षेपकावरून ऐकू येतं. बरं झालं तर प्रार्थनेमुळं, नाही झालं तर तुमच्या अविश्वासामुळं. हा हिशेब शुभवर्तमानातला नाही. गेथशेमाने बागेत येशूनं तीनदा एकच मागणं मागितलं, घाम रक्ताच्या थेंबांसारखा झाला, आणि प्याला टळला नाही. पौलानं देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला. त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला कुणाची जीभ उचलेल? मग खडी फोडून आलेल्या आईला आणि दोन रात्री जागलेल्या म्हातारीला ते का ऐकवायचं?

आजीनं त्या माणसाला काही उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर भक्तीत तिची पाळी आली की ती गप्प राहू लागली. पोतं अंथरायची, काच पुसायची, सगळ्यांबरोबर बसायची. आमच्या प्रार्थना व्हायच्या, मग तिची पाळी. आम्ही डोळे मिटून थांबायचो. बाहेर कुत्रं भुंकायचं, कंदिलाची वात फडफडायची. थोड्या वेळानं ती "आमेन" म्हणायची आणि उठायची. पावसाळा गेला, नाताळ गेला, तरी तसंच. घरात कुणी तिला छेडलं नाही. वडिलांनी फक्त एक केलं: अध्याय वाचायची पाळी त्यांची आली की ते स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रं वाचायचे, देवाला 'तू कुठं आहेस' म्हणणारी. पुढं एका संध्याकाळी तिची पाळी आली आणि ती बोलली. विहिरीवाल्या घरच्या म्हातारीला आता दुसऱ्या डोळ्यानंही दिसेना, त्याबद्दल. त्यानंतर यादी हळूहळू पूर्वीइतकी लांबली. भावाचं नाव त्यात पुन्हा आलं, पण काय म्हणायची ते कळू नये इतक्या बारीक आवाजात.

आमच्या लोकांची एक मागणी अजून तशीच पडून आहे: आम्हालाही अनुसूचित जातींत धरा. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्यात हिंदू नसलेल्या कुणालाही अनुसूचित जातीचं धरलं जाणार नाही, असं कलम होतं. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि आमच्या वाड्यातल्या बहुतेक घरांत बुद्धवंदना सुरू झाली. चुलत्यांच्या ओट्यावर त्रिशरण आणि आमच्या ओट्यावर टिळकांचं पद, एकाच वेळी, एकाच कंदिलाच्या उजेडात कधीकधी. १९९० साली बौद्धांचाही समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. वडिलांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती मिळाली नाही, चुलत्यांच्या पुढच्या पिढीला मिळाली. विहिरीवर मात्र दोघांनाही ओंजळीतच पाणी मिळत होतं. आमच्या पोरांना आज ओबीसीचा दाखला मिळतो. ज्या जातीमुळं पणजीनं देऊळ लांबून पाहिलं, ती जात कागदावर आमची नाही. हे प्रकरण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारनं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दर वर्षी १० ऑगस्टला ख्रिस्ती संघटना काळा दिवस पाळतात, निवेदनं देतात, मोर्चे काढतात. कुणी म्हणतं, चर्चनं राजकारणात पडू नये, प्रार्थना करावी. त्यांनी लूकचा अठरावा अध्याय पुन्हा वाचावा. ती बाई कोर्टात गेली होती.

धाकटी आत्या आता पिंपरीला लेकाकडं असते. टाळेबंदीत मंदिरं बंद झाली तेव्हा नातीनं तिला मोबाइलवर सगळ्यांना एकदम जोडायला शिकवलं. ते अजून चालू आहे. पहाटे पाचला नगरच्या तीन-चार जणी, नेवाशाची एक, मुंबईच्या दोघी, शारजात नर्स असलेली एक सून. तिथं तेव्हा साडेतीन वाजलेले असतात, पण ती रात्रपाळीवरून सुट्टीच्या वेळात जोडून घेते. मी आत्याकडं मुक्कामाला होतो तेव्हा बाजूच्या खोलीतून ऐकलं. आवाज तुटत होता, मधेच कुणाच्या घरचा कुकर शिटी देत होता. कांद्याला भाव नाही, त्याबद्दल नेवाशाच्या बाईंनी मागितलं. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नवऱ्याची दारू. आत्यानं आयोगाच्या साहेबांसाठी प्रार्थना केली, त्यांना प्रकृती आणि सुबुद्धी दे म्हणाली. मग तिनं नातवाच्या प्रवेशाच्या फॉर्मची तारीख सांगितली, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स अजून आलेली नाही, हेही सांगितलं. आमेन झाल्यावर नेवाशाच्या बाई म्हणाल्या, "दाखल्याचं मी आज सेतूत जाऊन बघते. परवा गेले होते, मशीन बंद होतं."